मूळचे कुठले?

निवेदिता सुखरूप बंदराला लागली. हे वाक्य ऐकलंच नाही असं समजा. कारण ग्वाल्हेरला बंदर नाही, आणि समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस रेल्वेत जातो.

त्या रविवारी दुपारी शंतनू आणि त्याची धाकटी बहीण निवेदिता तिघरा धरणावर गेले. शंतनूने ओळखीच्याकडून शिडाची होडी मागून आणली होती. दोन माणसं आणि एक डबा मावेल एवढी. पोहता दोघांनाही येत नव्हतं, पण लाइफ जॅकेटं इतकी नवी होती की प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

"दादा, किनारा कहाँ गया?"

"चहा प्यायला."

पण किनारा खरोखरच नव्हता. हिरवं पाणी करडं झालं होतं. वाऱ्याला मासळीचा आणि ओल्या दोरखंडाचा वास येत होता. शंतनूने बोट बुडवून चाखलं आणि पुढचा विनोद गिळला. पाणी खारट होतं.

मग समोरचे दोन डोंगर जरा बाजूला सरकले आणि होडी आत शिरली. आत अफाट बंदर होतं. तिन्ही बाजूंना माडांनी भरलेले डोंगर, मध्ये निवांत पाणी, त्यावर शेकडो गलबतं. एकावरही माणूस दिसत नव्हता. शिडं मात्र नुकतीच उतरवल्यासारखी निथळत होती.

धक्क्यावर एक कारकून टेबल मांडून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मूळचे कुठले?"

"ग्वालियर, कंपू मोहल्ला. अस्पताल के पीछे," शंतनू म्हणाला.

कारकुनाने लिहिलं: पाहुणे.

निवेदिताला मात्र घरचं वळण. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा प्रश्न आला, की अडीचशे वर्षांपूर्वी सोडलेला मुलूख सांगायचा. मग तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नसेना का.

"आम्ही मूळचे कोकणातले," ती अदबीने म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. "म्हणजे इथल्याच की! फार उशीर केलात, ताई."

शिक्का पडला: परत आल्या.

"निवू, बस खाली. निघू आपण."

ती धक्क्यावर चढली होती. "दादा, ये लोग छोड़ ही नहीं रहे," ती हसत म्हणाली.

तिला कोणीच धरलं नव्हतं.

होडी एकट्या शंतनूला घेऊन आपली आपण वळली.

तिघऱ्याच्या काठावर अजून तीच दुपार होती. होडीच्या तळाला बोटभर जाड कालवं चिकटली होती.

पोलीस ठाण्यात निवेदिता बुडाल्याची नोंद करू लागले. शंतनूने सही केली नाही. त्याने वेगळा अर्ज लिहिला:

"मा. बंदर अधिकारी यांस, सविनय विनंती की, कु. निवेदिता यांची नोंद 'परत आल्या' ऐवजी 'पाहुण्या' अशी दुरुस्त करून त्यांना तत्काळ कंपूस रवाना करावे. चूक घराच्या वळणाची आहे, त्यांची नाही. तसेच, शहरास पाणी याच धरणाचे येते. तरी सकाळी नळ सोडल्यावर 'दादा, खरं सांग, आपण मूळचे कुठले?' असे अर्जदारास त्यांच्या आवाजात विचारणे बंद करावे."