चावी काढल्यानंतर

"चावी माझ्या हातात होती आणि इंजिन चालूच होतं," करिश्मा म्हात्रे म्हणाली. "आठवडाभर हेच सांगतेय. घरातलं एकही माणूस विश्वास ठेवत नाही."

रचना गुप्ते यांनी तिला पाण्याचा ग्लास दिला. विमा कंपन्यांसाठी गाड्यांचे अपघात तपासण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. आता ठाण्यात, नौपाड्यातल्या दोन खोल्यांत त्यांचं स्वतःचं खासगी तपासाचं काम चाले. शेजारी त्यांचा सहायक देवेश मढवी बसला होता. कळव्याचा, कामाला चोख. पण एकदा कुणावर संशय बसला की तो लवकर उठायचा नाही. आणि आत्ता तो संशय समोरच्या बाईवरच बसला होता. चावी काढल्यावर गाडी कशी चालेल?

"पहिल्यापासून सांगा," रचनाबाई म्हणाल्या.

"सासऱ्यांची जुनी डिझेल जीप आहे, फोर-बाय-फोर. मुरबाडला हळदीला जायचं होतं. मी आणि बाबा, म्हणजे सासरे, डिझेल भरून आलेलो, सासूबाई आणि माझा नवरा मितेश यांना घ्यायला. आमच्या फाटकाशी चढ आहे. बाबा फाटक उघडायला उतरले. कडी अडकली, म्हणून मी इंजिन बंद करून चावी काढली. गाडी गिअरमध्येच होती, पाय क्लचवर, ब्रेकवर. आणि इंजिन एकदम किंचाळायलाच लागलं. मागे धूरच धूर. मी घाबरले, पाय सुटले..." ती थांबली. "गाडी बाबांना उडवून खांबावर आदळली, तेव्हा कुठे बंद पडली. त्यांचा पाय मोडला."

"घरचे काय म्हणतात?"

"मितेश म्हणतो, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबलास. सासूबाई म्हणतात, मुद्दाम केलंस. आदल्या दिवशी माझ्या नोकरीवरून बाबांशी भांडण झालेलं ना. उद्या त्या पोलिसांत जाणार आहेत."

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला म्हात्र्यांचा बंगला होता. जीप चेपलेल्या नाकानिशी अंगणात उभी होती. रचनाबाई आधी माणसांकडे न जाता तिच्याकडे गेल्या. वाकून खालच्या लाद्या पाहिल्या. लख्ख. बॉनेट उघडून त्यांनी ऑइल मोजायची पट्टी उपसली, तेलाचा थेंब चिमटीत चोळला आणि हुंगला.

"डिझेलचा वास नाही," त्या म्हणाल्या. पट्टीच्या मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. देवेशनेही ती पाहिली. जुन्या गाडीत असतातच अशी ठिगळं, असं मनाशी म्हणून तो पुढे झाला.

करिश्माच्या सासूबाई, आवडाबाई, ओट्यावरूनच बोलल्या. "ती गारी इका, ती गारी इका, कवाची बोलतंय मी. माझा कोन आयकतो? मागल्या म्हैन्यान मितेशनी नेली मलंगगराकरं, दोस्तांसंगं. आली तवा धुवून चकाचक. आन तवापासून ह्यो धूर. पन इंजान काय मानूस हाय, चावी काढल्यावर बोंबलाला? हिनीच घातली अंगावर."

आतल्या खोलीत दामाजी म्हात्रे प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडले होते. जीपचं नाव निघताच ते उठून बसले.

"धूर कोणत्या रंगाचा?" रचनाबाईंनी विचारलं.

"निळा. आधी कधीच नव्हता. रोज सकाळी पट्टी काढून बघायचो मी. एक दिवस बघतो तर कोरडी ठाक! बरंच ओतलं तेव्हा कुठे खुणेपर्यंत आलं. मग दोन-चार दिवसांनी पुन्हा कमी."

"सकाळी चालू व्हायला त्रास?"

"छे! अर्ध्या चावीला उठायची. चढसुद्धा झोकात."

"हळदीच्या दिवशी?"

"लांब जायचं म्हणून जरा सढळ हाताने ओतलं." त्यांनी प्लास्टरवर हात ठेवला. "सुनेनं काय केलं ते मी बघितलं नाय, मॅडम. मला दिसला तो धूर. मी कोणाला काय बोलत नाय."

मितेश फोनवर होता. तो ठेवून म्हणाला, "पॅनिक झाली ती, दुसरं काय. चावी नंतर काढली असेल. मला तिला दोष द्यायचा नाहीये, पण आहे ते आहे. भंगारवाला उद्या येतोय, विषय संपला."

"मेकॅनिकला नाही दाखवली?" रचनाबाईंनी विचारलं.

"कशाला? आमच्या नाथा भोईरला सांगितलंय, हात लावू नको."

नाथाचं गॅरेज कल्याण रोडला होतं. तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "पावसाळ्याआधी सर्व्हिसिंग केली, तेव्हा टकाटक होती. मग दामाजीशेठनी फोन केला. निळा धूर, ऑइल खाते. मी बोललो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनकाम करा. गाडी बघितली नाय मी. मितेश बोलला, नंतर आणतो. आता बोलतो, हात लावू नको."

बाहेर पडताच देवेश म्हणाला, "हाच, मॅडम! इंजिनकामाचं मोठं बिल लावायचं म्हणून यानेच काहीतरी बिघडवलं असणार."

"गाडी न बघता?" रचनाबाई मागे वळल्या. "नाथा, याच इंजिनाची दुसरी जीप आहे तुझ्याकडे?"

"हाय ना, ती काय कोपऱ्यात."

"तिची ऑइलची पट्टी घे. आणि एक डबा. आमच्याबरोबर चल."

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. दामाजींना खुर्चीसकट बाहेर आणलं होतं. नाथाने जीपखाली डबा लावून ऑइल सोडलं. डबा काठोकाठ भरला तरी धार थांबेना. नाथाचा चेहरा बदलला.

"बादली आणा! एवढं ऑइल या इंजिनात मावूच नये!"

"पण पट्टी तर कमी दाखवायची," दामाजी म्हणाले.

रचनाबाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. जीपमधली पट्टी चार बोटं आखूड होती.

"ही या इंजिनाची नाहीच. नळीत सैल बसते म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. जुन्या गाडीतलं असं ठिगळ कुणाला खटकत नाही. टोक तेलापर्यंत पोचायचंच नाही, म्हणून त्या दिवशी कोरडी निघाली. तुम्ही ती भिजेपर्यंत ओतत गेलात. जादा तेल इंजिनात घुसळून जळत होतं, त्याचा निळा धूर. जळलं की पट्टी पुन्हा कमी दाखवायची, तुम्ही पुन्हा ओतायचात."

"रिंगा गेल्या असत्या तरी असंच झालं असतं ना?" देवेशने विचारलं.

"मग ती अर्ध्या चावीला उठली नसती, चढावर तिने धापा टाकल्या असत्या. धूरही हळूहळू वाढला असता, एका दिवसात सुरू झाला नसता. गळती म्हणावी, तर लाद्या कोरड्या. डिझेल झिरपून ऑइल वाढलं म्हणावं, तर त्याला वास नाही."

"आणि चावी?" आवडाबाईंनी विचारलं.

"चावी फक्त डिझेल बंद करते. इंजिनातली वाफ एका नळीने हवेच्या नळीत परत जाते. त्या दिवशी तेल सगळ्यांत जास्त, त्यात गाडी चढावर तिरपी. वाफेबरोबर तेलच आत ओढलं गेलं. डिझेल इंजिनाला तेही चालतं. चावी काढल्यावर ते स्वतःचंच ऑइल पिऊन धावत होतं. तुमची सून पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती."

करिश्माने ओट्याच्या खांबाला हात टेकला.

"पट्टी कोणी बदलली?" दामाजींचा आवाज चढला.

"सर्व्हिसिंगनंतर नाथाने बॉनेट उघडलेलं नाही. आवडाबाई गाडीजवळ फिरकत नाहीत. धूर सुरू झाला मलंगगडाहून आल्यावर." रचनाबाई मितेशकडे वळल्या. "पण चूक झाली, एवढंच नाही. नाथाला हात लावू नको म्हणालात, भंगारवाला बोलावलात. तुम्हाला माहीत होतं."

मितेशने नजर उचलली नाही. "चिखलात गाडी घातलेली. ऑइल बघताना पट्टी कुठे पडली कळलंच नाही. बाबा ओरडतील म्हणून कल्याणला भंगारातून दुसरी घेतली. मला काय माहीत असं होईल? अपघातानंतर मोबाइलवर शोधलं, तेव्हा कळलं."

"अपघातानंतर कधी?" करिश्माने विचारलं.

"त्याच रात्री."

म्हणजे सगळा आठवडा त्याला माहीत होतं. देवेशला तिच्याकडे बघवेना. सकाळी ऑफिसात आपणही तिला खोटीच समजत होतो, हे त्याला आठवलं.

आवडाबाई जागच्या उठल्या, सुनेजवळ गेल्या, काही बोलायला तोंड उघडलं आणि पदराने तेच पुसलं. "मी नाय जात पोलिसांत," एवढंच त्या म्हणाल्या.

"पोलिसांचं सोडा, आई. गावभर झालंय, सुनेनं सासऱ्याला गाडीखाली घातलं म्हणून." करिश्मा मितेशसमोर उभी राहिली. "ते कोण निस्तरणार?"

"मी सांगेन ना सगळ्यांना. हळूहळू."

"हळूहळू नाही. आत्ता. समोरच्या घरापासून."

मितेशने बापाकडे पाहिलं. दामाजींनी फाटकाकडे बोट दाखवलं.

रचनाबाई आणि देवेश गाडीत बसत होते, तेव्हा मितेश समोरच्या दारात उभा होता. आतून कुणीतरी "ये रे, बस" म्हणालं. तो बसला नाही. मान खाली घालून काहीतरी पुटपुटू लागला.

करिश्मा फाटकापर्यंत आली.

"मोठ्याने," ती म्हणाली.