थरथरणाऱ्या लाल रेघा आणि केळ्यांचं बंद दार

"रोनक, दिवा घालव! आणि लेझरकडे नको, भिंतीकडे बघ!"

कोठीत अंधार झाला आणि पत्र्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लाल रेघा उमटल्या. एक उजेडाची, एक अंधाराची, पुन्हा एक उजेडाची...

"आईशप्पथ!" दहा वर्षांचा रोनक किंचाळला. "ताई, काचेवर तू दोनच रेघा ओढल्या होत्यास. इथे डझनभर कुठून आल्या?"

"तीच तर गंमत आहे!" पलकने ऐटीत वेणी मागे टाकली. काचेवर दिव्याची काजळी धरून, दोन ब्लेडं एकत्र धरून तिने त्या दोन चिरा काढल्या होत्या. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तीन वाक्यं बोलून ती घामाघूम होऊन खाली बसली होती. पण यंदा? यंदा धुळ्याची शाळा उघडली की सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं! म्हणून तर उन्हाळी सुट्टीत जळगावला दादाजींकडे येताना तिच्या बॅगेत कपडे कमी आणि प्रयोगाचं सामान जास्त होतं.

"शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा एकेक कण सोडून पाहिला," ती म्हणाली. "तरी हळूहळू अशाच रेघा तयार झाल्या! जणू प्रत्येक कण दोन्ही चिरांमधून गेला. मग त्यांनी चिरांपाशी एक यंत्र बसवलं, कण नक्की कुठून जातो ते टिपायला. आणि काय झालं सांगू? रेघा गायब!"

"का? लाजला का तो?" रोनक खिदळला.

दादाजींकडे कामाला असलेल्या तोतारामनानांची नात दीपमाला मात्र हसली नाही. "पाहिल्यानं कसं काय बिघडेल गं?"

"डोळ्यांनी पाहिल्यानं नाही! तिथे माणूस नसला, नुसतं यंत्र असलं तरी रेघा जातात. कण कुठून गेला हे कळायला त्याची कुठेतरी खूण उमटावी लागते ना? ती खूण उमटली की कण आधीसारखा वागत नाही. त्याला न छेडता त्याची वाट टिपताच येत नाही!"

धाड!

भिंतीवरच्या रेघा थरथरल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या.

"छे! सकाळपासून हे चौथ्यांदा!" पलक वैतागली.

तेवढ्यात बाहेर दादाजींचा आवाज चढला. तिघं दाराशी धावली. जळगावात पिंप्राळ्याच्या पलीकडे दादाजींचं, म्हणजे सुरेशचंद शेठांचं, केळी पिकवायचं चेंबर होतं. जाड दाराची गार खोली, तिला लागूनच ही कोठी, दोन्हींमध्ये एकच पत्र्याची भिंत. अंगणात क्रेट उघडे पडले होते. चेंबरच्या मागच्या बाजूची केळी पिवळी, दाराजवळची हिरवीगार!

"सलग तिसरा माल, तोताराम! व्यापाऱ्यानं गाडी परत पाठवली! पिकवायचा गॅस सोडायला विसरलास की झोपलास?"

"बठ्ठं, सगळं बराबर करं शेठ मी! गॅस मी येळवर सोडा. दार चोवीस तास बंद!" म्हातारे तोतारामनाना हात जोडून उभे होते.

"आज भरलेला माल बिघडला, तर तू गावाकडे जा. शिंदखेड्याची बस मीच दाखवीन!"

दीपमालाचे ओठ थरथरले. वीस वर्षं आजोबांनी हे चेंबर सांभाळलं होतं, आणि ती याच आवारातल्या खोलीत राहून शाळेत जात होती. आजोबा गेले तर तिचीही शाळा सुटणार!

"रडायचं नाही," पलक तिचा हात धरून म्हणाली. "शोधायचं!"

दुसऱ्या दिवशी तोतारामनानांनी सकाळी सातला गॅस सोडला आणि दार लावलं. चोवीस तास गॅस आत कोंडून राहिला, तरच सगळी केळी सारखी पिकतात. तिघं दारासमोर पहारा देत बसली. थोड्या वेळाने दादाजींना धंद्यात मदत करणारा जिनेशकाका आला. मुलांना पाहून त्याने उगाच छताकडे पाहिलं, "ऊन फार आहे, नाही?" म्हणाला आणि निघून गेला. दादाजी आले, काठी टेकून उभे राहिले, खाकरले आणि मागे फिरले.

"तास झाला. कोणी दाराला हातसुद्धा लावला नाही," रोनकने जांभई दिली. "चला, कैरी खायला!"

पलक ताडकन उभी राहिली. "अरे! आपण इथे बसलोय म्हणूनच नाही लावला!"

"म्हणजे आपणच चिरांपाशी बसवलेलं यंत्र?" दीपमालाने विचारलं.

"अगदी! आपण टिपतोय, म्हणून ते वेगळे वागतायत. पण माणसं काही कण नाहीत. माणसांना लपून पाहता येतं! आणि कालची ती धाड... दाराचीच असणार! चला, कोठीत!"

लेझर लागला. रेघा उमटल्या. तिघं श्वास रोखून बसली. पाचच मिनिटांत, धाड! रेघा नाचल्या.

"एक!" रोनकने वहीत फुली मारली. दीपमाला कोठीच्या फटीला डोळा लावून होती. "जिनेशकाका! दार उघडलं, आत पाहिलं, लावलं."

धाड! "दादाजी!" धाड! "पुन्हा काका!"

नवव्या धाडीला दीपमाला फटीपासून मागे सरली.

"कोण गं? सांग ना!"

"आजोबा," ती पुटपुटली. "माझे आजोबा."

रोनकने पेन्सिल उचलली नाही.

"नको लिहायला," पलक हळूच म्हणाली. "एकच तर आहे."

दीपमालाने नाक पुसलं, पेन्सिल हिसकावून घेतली आणि स्वतःच फुली मारली. "एक खोटं लिहिलं तर बाकीच्या आठांवर कोण विश्वास ठेवेल?"

दुपारी जेवणं झाल्यावर पलकने वही दादाजींसमोर ठेवली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "दादाजी, तुम्ही तीन वेळा. काका पाच वेळा. तोतारामनाना एकदा. दर वेळी गॅस बाहेर आणि जळगावची ही गरम हवा आत! दाराजवळची केळी हिरवी राहणार नाहीत तर काय?"

"मी? मी तर एक मिनिट डोकावलो!" दादाजी गरजले.

"मीपण एकच मिनिट," काका पुटपुटला.

तोतारामनानांनी मान खाली घातली. "चुकनू शेठ. काळजी वाटनी."

"सगळ्यांचं एकेकच मिनिट!" पलक म्हणाली. "पहिला माल थोडा बिघडला, म्हणून तुम्ही जास्त पाहिलंत. जास्त पाहिलंत, म्हणून दुसरा जास्त बिघडला!"

"पण मालावर नजर नको? माझ्या वडिलांनी हेच शिकवलं!"

"ते वखारीत शिकवलं, दादाजी. वखारीतलं धान्य पाहिल्यानं बदलत नाही. इथे पाहायचं म्हणजे दार उघडायचं!"

दादाजींनी वहीतल्या फुल्या बोटाने मोजल्या. मग त्यांनी विचारलं, "आता काय?"

पलकने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. तोतारामनानांनी पुन्हा गॅस सोडला. आत तापमापक, त्याची तार दाराच्या रबरातून बाहेर, आकडे बाहेरच दिसणार! दाराला कुलूप घातलं आणि किल्ली रोनककडे दिली.

"चोवीस तास. कोणीही मागितली तरी नाही!" पलकने बजावलं.

अर्ध्या तासात काका आला. "रोनकशेठ, मोठी कुल्फी देतो. अर्धं मिनिट..."

"मलई की पिस्ता?"

"रोनक!" दोघी ओरडल्या.

"विचारायला काय जातं?" रोनकने मोज्यात खुपसलेली किल्ली चाचपली. मे महिन्यात मोजे घातलेला अख्ख्या जळगावातला तो एकटाच!

दादाजी दर तासाला यायचे, आकडा वाचायचे, कुलपाकडे पाहून हात पाठीमागे बांधायचे. दुसऱ्या दिवशी वेळ भरल्यावर तोतारामनानांनी दार उघडून हवा खेळती केली. केळी अजून हिरवीच होती! दादाजींच्या कपाळावर आठी चढली.

"अजून थांबा ना," तोतारामनाना शांतपणे म्हणाले. "आते रंग ई." आता रंग येणारच, याची त्यांना खात्री होती.

गॅस सोडल्यापासून चौथ्या सकाळी ते पुढचा क्रेट उचलून अंगणात आले. मग मागचा, मग कोपऱ्यातला. सगळी केळी एकाच पिवळ्या रंगाची!

"शे ना बराबर?" त्यांचे डोळे भरून आले होते.

दादाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माझी, तोताराम. बसचं बोललो ते विसर. आणि दीपमालाच्या शाळेची पुस्तकं यंदा माझ्याकडून." मग ते मुलांकडे वळले. "माल पाहायला मी साठ वर्षांत शिकलो. कसा पाहायचा ते तुम्ही चार दिवसांत शिकवलंत! पलक, तुझ्या प्रदर्शनाला मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. चालेल ना? का मी पाहिलं की तुझ्या रेघा जातील?"

"नाही जाणार, दादाजी! आणि आता माझा आवाजही नाही जाणार!"

"माझी कुल्फी?" रोनकने मोजे काढता काढता विचारलं.

त्या दुपारी नवा माल भरला आणि कुलूप लागलं. दादाजींची आरामखुर्ची कित्येक वर्षं चेंबरच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची. त्यांनी ती उचलली, रस्त्याकडे फिरवली आणि पाय लांब करून डोळे मिटले.