वरच्या फांदीवर थाच

“वरच्या फांदीवर परक्याला चढवू नकोस, लुएन. चक्रीफुलाचं लाकूड कटकन मोडतं.” आई जाऊन चार वर्षं झाली, तरी दर तोडणीला हे शब्द कानात असतात.

त्या सकाळी पूर्वजांपुढे उदबत्ती लावून मी डोंगरावर गेले, तर धुक्यात आमच्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर एक अनोळखी माणूस! नंतर कळलं, तो घाटापलीकडचा थाच, गावात या फळांचं तेल काढायच्या भट्टीवर कामाला आलेला. बाबांचे गुडघे दुखतात हे ऐकून मदतीला चढला होता.

“खाली उतरा. वर फक्त घरची माणसं चढतात.”

“कळ्यांना धक्का लावला नाही हं, एकेक फळ खुडलंय...” तो वाकून हसला. “आणि घरचं व्हायला काय करावं लागतं?”

“आधी खाली उतरावं लागतं.”

तो उतरला. माझे कान मात्र दिवसभर गरम होते.

मग तो रोज यायचा, खालच्या फांद्यांवरची फळं तोडायचा. बाबांच्या गुडघ्यांना चोळायला भट्टीतलं तेल आणायचा. पौर्णिमेला भाजलेलं बदक घेऊन आला. त्या दिवशी मांस न खाण्याचा माझा नेम असतो, हे त्याला कुठून ठाऊक? मग त्यानेही माझ्याबरोबर पालेभाजी खाल्ली. बदक बाबांनी एकट्याने संपवलं.

चटयांवर फळं तांबूस वाळली, भट्टी थंडावली. परत निघताना थाच म्हणाला, तुझ्याशिवाय तिकडे करमणार नाही. मी खरं ते सांगितलं – बाबांना आणि या झाडांना सोडून मी कुठेही येणार नाही, तसा आईला शब्द दिलाय.

त्याने चटईवरचं एक फळ उचलून बोटांत फिरवलं.

“तू कशाला सोडतेस? मला दोन भाऊ आहेत. मीच इथे राहायला येतो.”

पण आमच्याकडे जावई सासुरवाडीला राहायला येणार असेल, तर मागणी मुलीच्या घरून जावी लागते. बाबांना घाट चढवणार नाही. ते त्यालाही ठाऊक होतं.

“मी येईन,” मी हळूच म्हटलं. “येत्या पौर्णिमेला. तुझ्या आईला मीच विचारीन.”

आज पौर्णिमा. उदबत्ती लावली, पाणी ठेवलं, नमस्कार केला. बाबांनी मागणीसाठी खुराड्यातले दोन चांगले कोंबडे टोपलीत बांधून दिले. मी टोपली पाठीला लावली आणि घाटाची वाट धरली.