येळवशीची चार मिनिटं

नांदेड-लातूर बस चाकूरला थांबली आणि समीक्षाच्या शेजारी एक जण येऊन बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती फोनवर मैत्रिणीजवळ मन मोकळं करत होती.

"अगं, लातूरच्या त्या कंपनीच्या वेबसाईटच्या नोंदी काढून बघितल्या मी. गेल्या तीस डिसेंबरला दहापासून चारपर्यंत साईटवर एक माणूस न्हाई. सहा तास बंद ठेवली आन् मालकाला पत्ताच न्हाई. भेटू दे तो साईट सांभाळणारा वीरभद्र, चांगली हजेरी घेते त्याची."

तिनं फोन ठेवला, तसा शेजारचा म्हणाला, "साईट चालू होती, मॅडम. माणसं नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"येळवस होती त्या दिवशी, वेळा अमावस्या. अख्खं लातूर शेतात जेवायला जातंय. साईटवर कोण येणार?" मग जरा थांबून तो म्हणाला, "मी वीरभद्र... हजेरी आत्ताच घेता, का लातूरला उतरून?"

समीक्षाला तोंड कुठं लपवावं कळेना. येळवस ती नावानं ऐकून होती, पण त्या दिवशी सगळं शहर ओस पडतं हे नांदेडात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लातूरची ती कंपनी मळणीयंत्रं बनवायची. ऐन तुरीच्या राशीत यंत्राचा पट्टा तुटला की शेतकरी मोबाईलवरून साईटवर नवा मागवायचे. मागं एकदा साईट दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना दोन दिवस बंद पडली आणि गावोगावच्या राशी खोळंबल्या. म्हणून त्या दिवशी ऑफिसात मालक हणमंतरावांनी समीक्षाला पहिल्याच भेटीत बजावलं, "दहा मिनिटांच्या वर बंद राहिली तर पुढच्या कामाचं नाव काढू नका." आणि साईट नव्या सर्व्हरवर हलवायचं हे तिनं स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलंच काम होतं.

"जुनी चालूच ठेवायची," ती म्हणाली, "नवी तिच्या शेजारी उभी करून महिनाभर तपासायची. शेवटी काही मिनिटं मागण्या थांबवायच्या, राहिलेल्या उचलायच्या आणि पत्ता नवीकडं वळवायचा." मग तिनं वीरभद्रकडं पाहिलं. "यंदा येळवस कधी?"

"एकोणीस डिसेंबरला."

"मग तोच दिवस. भर दुपारी."

हणमंतराव खूश झाले. वीरभद्रनं तारीख डायरीत लिहून घेतली.

पुढं महिनाभर वीरभद्रचे फोन चालले.

"नव्या साईटवर फोटो दिसत न्हाईत."

"आता बघा."

"दिसले... पण एक दिसत न्हाई अजून."

"कोणता?"

"शोधून सांगतो... तवर, जेवण झालं का तुमचं?"

फोटो दिसतात की नाही, हे समीक्षाला नांदेडात बसून कळत होतं. सगळे दिसत होते. तरी ती दर वेळी गंभीरपणे म्हणायची, "बघते हं." जीव जडला होता तिचा, उगाच आडपडदा कशाला? फक्त एक काटा सलायचा... एकोणीसला काम संपलं की फोन करायला कारण उरणार नव्हतं.

एकोणीसला ती लातूरला उतरली तेव्हा दुकानांची शटर खाली होती आणि रिक्षा एकही नव्हती. वीरभद्र मोटरसायकल घेऊन आला होता. ऑफिसात दोघंच. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला, "समदे शेतात कोपीत बसलेत, तू कुठं हाइस?" आणि समीक्षाच्या डोक्यात आत्ता कुठं प्रकाश पडला.

"माझ्यामुळं तुमची येळवस बुडाली. तेव्हाच का बोलला नाहीत?"

"दुसऱ्या कुठल्या दिवशी मागण्या जास्त येतात, साईट जास्त वेळ बंद राहिली असती. तुमचं पहिलं काम हाय."

समीक्षानं लॅपटॉप उघडला. तिनं मागण्या थांबवल्या. पडद्यावर पाटी आली, 'काम चालू आहे, थोड्या वेळाने या.' आता वाट बघण्याशिवाय हाताला काम नव्हतं.

"किती वेळ लागंल?"

"सात-आठ मिनिटं."

"तेवढ्यात एक सांगायचं होतं... ते फोटो..."

"दिसत होते. मला माहीत हाय."

वीरभद्र कानापर्यंत लाल झाला. "मग बोलला का न्हाईत?"

"फोन थांबले असते ना," ती हळूच म्हणाली.

तो जवळ सरकला. काहीतरी बोलणार... तोच साईट उघडली. चार मिनिटं लागली होती सगळी मिळून.

"इतक्या लवकर?" त्याच्या तोंडून निघून गेलं. समीक्षालाही आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाच्या वेगाचा राग आला.

तासभर सगळं पुन्हा तपासून दोघं निघाली. औशाजवळच्या त्याच्या शेतात कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढं पंगत बसली होती. येळवशीला आल्या-गेल्याला जेवू घालतातच, पण वीरभद्रच्या आईनं, शिवगंगाबाईंनी, पाहुणीला नीट निरखून पाहिलं.

"कोण रे ही?"

"समीक्षा. नांदेडची. साईट हलवायला आली होती."

"हलली का?"

"हलली."

"मग आता जाणार परत?"

वीरभद्र पानातल्या येळवशीच्या भज्जीकडं बघत राहिला.

"मी तिला थांब म्हणणार हाय, आई. जन्मभर. अजून विचारलं न्हाई."

"मग विचार की. समोरच तर बसलीय."

त्यानं मान वर केली. तो तोंड उघडायच्या आतच समीक्षा मान डोलावून म्हणाली, "हाव."

"अजून विचारलं न्हाई मी..."

"विचारा सावकाश. घाई न्हाई आता."

शिवगंगाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि आंबिलीचा पेला लेकाच्या आधी तिच्या हातात दिला.