दरडीपलीकडची चौकी

"आजचा दिवस इतिहास विसरणार नाही," कॅप्टनसाहेब म्हणाले, आणि भाषण नीट ऐकू यावं म्हणून मामांनी आदराने बुलडोझरचं इंजिन बंद केलं. त्या गारठ्यात ते पुन्हा सुरू व्हायला दुपार उजाडली. तोवर इतिहास बहुधा जेवायला गेला होता.

मोहीम साधी होती. खिंडीतल्या चौकीवर दोन जवान जखमी होते, वाटेत दरड कोसळलेली होती आणि संध्याकाळपासून बर्फ पडणार होता. त्याआधी अँब्युलन्स वर पोचली नाही, तर त्या दोघांचं काही खरं नव्हतं. बुलडोझरवर मामा, म्हणजे अख्ख्या पलटणीचे मामा. दुरुस्तीला मी. आणि पुढे चालून हातवारे करायला कॅप्टनसाहेब. कारण गोळ्यांपासून बचाव म्हणून मी केबिनला असा चोख पत्रा ठोकला होता, की मामांना बाहेरचं काहीच दिसत नव्हतं.

अशी आमची चढाई सुरू झाली. वाटेत मागून एक गाढव आलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेलं.

दरड निम्मी ढकलून झाली, तोच समोरच्या डोंगरावरून तोफ धडाडली. कॅप्टनसाहेब जीव वाचवायला जमिनीवर आडवे! हातवारे बंद! बुलडोझरचा उजवा पट्टा कड्याबाहेर!

"मामा, थांबा!"

"मी थांबलोय रे. जमीनच चाललीय."

मी बुलडोझरच्या मागच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचा, दोर ओढत धावलो. एका धोंड्याला वेढा घातला. मामांनी आतून विंच फिरवली. दोर ताणला. आणि धोंडाच निघाला!

"मामा, दगड येतोय!"

"मग त्याला बस म्हणावं."

तो खडकाच्या कपारीत अडकला आणि खरंच बसला. बुलडोझर कुरकुरत, वीत वीत मागे सरकत रस्त्यावर आला. मामा खाली उतरले, घण घेतला आणि माझा पत्रा उडवून लावला.

"गोळी लागली तर लागू दे. निदान कुठून आली ते तरी दिसेल."

मग मात्र मामांनी दरड अशी साफ केली, जणू अंगण झाडत होते. पहिला बर्फ भुरभुरला तेव्हा अँब्युलन्स दोघांना घेऊन सुखरूप खाली निघाली होती.

चौकीच्या हवालदाराचे डोळे भरून आले. त्याने मामांचे दोन्ही हात धरले.

"मामा, मशीन आलंच आहे, तर संडासासाठी तेवढा एक खड्डा मारून देता का?"