गाडी, मास्तर आणि शर्टाची पाठ

त्या दिवशी दुकानात आधी शर्ट शिरला आणि मग माणूस. मला तरी तसंच दिसतं. तीस वर्षं लाँड्री चालवल्यावर माणसाची कॉलर आधी दिसते, तोंड नंतर.

फिकट निळा शर्ट. कॉलर कडक, बटणपट्टी फूटपट्टीसारखी सरळ. मनात म्हटलं, माणूस नीटनेटका आहे. तेवढ्यात तो भिंतीवरचा बोर्ड वाचायला वळला आणि... अगं बाई! पाठ म्हणजे बोळा करून टाकलेला कागद. इस्त्री नुसती पुढून!

"कपडे टाकायचेत की न्यायचेत?" मी विचारलं.

"कपडे नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या मागच्या शेडमध्ये एक जुनी गाडी आहे असं कळलं. माझ्याकडे तसलीच आहे. तिचं काच खाली-वर करायचं हँडल तुटलंय, नवीन कुठे मिळत नाही. तुमच्या गाडीचं... विकाल का?"

"माझी गाडी काय कोंबडी आहे, तंगडी तोडून द्यायला?"

माझ्या बाजूला सूनबाई चादरींच्या घड्या घालत होती. तिचे खांदे हलायला लागले. हसली की तिचे आधी खांदे हलतात.

तो मात्र रागावला नाही. पलीकडच्या रस्त्यावर ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथले हे मास्तर. म्हणाले, "काय करू? आठवड्याला एक तरी शिकाऊ माणूस घाबरून ते हँडल गच्च धरतो आणि उपटून हातात घेतो."

ही गाडी आमच्या ह्यांची. हे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी. सूनबाईला शेडमध्ये कपडे वाळवायचं मशीन बसवायचं होतं आणि ती रोज काही ना काही निमित्ताने तो विषय काढायची. मलाही कळत होतं, गाडी ठेवून करायचं काय? पण मोडीत घालायला हात धजत नव्हता.

"न्यायची तर अख्खी न्या," मी म्हटलं. "आणि चालवत न्या. दोरी बांधून ओढत नेलेली मला खपायची नाही. ही गाडी या फाटकातून आत आली ती स्वतःच्या चाकांवर. जाईल तीही तशीच. हा माझा शब्द."

"पण ती चालू होत नसेल तर?"

"तर करा चालू. इथेच, माझ्या डोळ्यांसमोर."

"मी मेकॅनिक नाही हो, मास्तर आहे."

"मग शिकवा तिला."

आता ते हसले. आणि हसताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की... असं म्हणजे कसं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी उगाचच काउंटरवरची पावतीबुकं सरळ केली. ती सरळच होती.

"रविवारी येतो," ते म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांनी ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं आणि हवेच्या गाळणीचा डबा खोलला. मग दोन बोटांनी आतून एक मोजा काढला. मग दुसरा. उंदरांनी आत गादी केली होती. अकरा मोजे! सगळे एकेकटे.

माझा चेहरा खर्रकन उतरला. आमच्या लाँड्रीतून मोजा हरवत नाही म्हणून मी नऊ वर्षं गिऱ्हाइकांशी भांडले होते. एकाला तर तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही घरूनच एक पाय घेऊन आला असाल."

"मी कुणाला सांगणार नाही," मास्तर हळूच म्हणाले.

"सांगण्यासारखं आहेच काय त्यात?"

"काहीच नाही," ते म्हणाले आणि अकराही मोजे आपल्या पिशवीत घालून घेऊन गेले. आता या माणसाला शहाणा म्हणायचं की आगाऊ? मला ठरवता येईना.

मग त्यांनी इंजिनाचे प्लग काढून त्या भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि हात पुसले. "आता आठवडाभर थांबायचं."

"आठवडाभर?"

"इतकी वर्षं थांबलेलं इंजिन आहे. घाई केली तर मोडतं. आधी तेल मुरू द्यायचं. मग हाताने हळूच फिरवून विचारायचं, येतंस का?"

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर पुढच्या रविवारी परत विचारायचं."

हे ते इंजिनाकडे बघूनच म्हणाले. मी नीट पाहिलं होतं. इंजिनाकडेच.

असे रविवार येत गेले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तेव्हा सगळ्या अंगणात शिळ्या वार्निशसारखा वास सुटला. चाकांचे ब्रेक आतून चिकटले होते, ते एकेक करून सोडवले. मी मागे उभी राहून देखरेख करायची. देखरेख हवीच. माझी गाडी होती.

एकदा त्यांच्या बाहीला ग्रीसचा हा एवढा डाग पडला. माझ्याने राहवेना.

"काढा तो शर्ट."

मास्तर थबकले. सूनबाई दारातून कपड्यांची टोपली घेऊन जात होती, तीही थबकली.

"म्हणजे... डाग काढायचाय!" मी ओरडले. "वाळला की जात नाही! ग्रीस आहे ते!"

"मी कुठे काय म्हणालो?" मास्तर म्हणाले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. मी त्यांना कुणीतरी न नेलेला एक ढगळ शर्ट दिला, डाग काढला, आणि हात होताच म्हणून पाठीलाही इस्त्री फिरवली. पुढच्या रविवारी तोच शर्ट धुऊन आला. पुढून कडक, मागून बोळा.

"पाठ का सोडता?" मी शेवटी विचारलं.

"सीटला टेकलेली असते दिवसभर. पाठ कोण बघतं?" मग जरा थांबून म्हणाले, "बायको होती तेव्हा ती बघायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली."

मी नुसत्या त्या पाठीच्या सुरकुत्या मोजत राहिले. तिथूनच माझं काहीतरी बिघडलं. त्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या टॉवेलांना स्टार्च केला. टॉवेल पुठ्ठ्यासारखे उभे राहिले. सूनबाईने ते भिंतीला टेकवून ठेवले आणि म्हणाली, "आई, हे चालत घरी जातील."

मग आला क्लच. त्याची प्लेट आत चिकटली होती. कुणीतरी आत बसून पेडल दाबून धरायचं आणि मास्तरांनी गाडी मागे-पुढे हलवायची, म्हणजे ती सुटते म्हणे. आत कोण बसणार? मीच.

"क्लच दाबा," बाहेरून आवाज आला.

"हा?"

"तो ब्रेक."

"मग हा?"

"ती तुमची चप्पल."

प्लेट दोन रविवारांत सुटली. तरीही मास्तर शेजारच्या सीटवर बसून मला दर रविवारी थोडं थोडं शिकवायला लागले. हा पहिला गेअर, हा दुसरा, आता समोर वळण आलंय, आता थांबा. समोर, अंगणापलीकडे, कुंपणाची भिंत. त्या बंद गाडीतून आम्ही कितीतरी लांब जाऊन आलो. माझं वय सत्तावन्न. या वयात भिंतीकडे बघत स्टिअरिंग फिरवताना छातीत का धडधडावं? मी स्वतःला चार वेळा विचारलं, एकदाही धड उत्तर मिळालं नाही. एक मात्र कळत होतं. गाडी फाटकाबाहेर गेली की मास्तरांना इथे यायचं कारण उरणार नाही. आणि तो शब्द माझाच होता.

आठव्या रविवारी मास्तर बॉनेटमध्ये वाकले आणि मला घाम फुटला.

शर्टाच्या पाठीला इस्त्री होती.

नुसती फिरवलेली नाही. खांद्याच्या पट्टीपासून खाली, शिवणीशिवणीने, जपून केलेली. मी तीस वर्षांत इतके शर्ट बघितले आहेत, मला कुणी शिकवायला नको. ज्या घरात बाई येते, त्या घरातल्या शर्टाची पाठ सरळ होते.

चांगली गोष्ट आहे, मी स्वतःला म्हटलं. एकट्या माणसाला सोबत मिळाली. मग मला हे एवढं का झोंबावं?

"पुढच्या रविवारी गाडी न्या," मी म्हटलं.

"अहो, पण अजून ब्रेकचं..."

"न्या म्हटलं ना. आमच्या सूनबाईची किती दिवस अडचण करायची?"

त्यांनी पाना उचलला आणि ते कामाला लागले.

संध्याकाळी सूनबाईने मला गाठलं. "आई, झालं काय?"

"काय व्हायचंय? तुला शेड हवी होती ना?"

"शेड हवी होती. तुमचं हे असलं तोंड नको होतं."

जिभेने ही पोर माझ्यावर गेली आहे. पोटची नाही, तरीही.

नवव्या रविवारी मास्तर नवी बॅटरी घेऊन आले. चावी फिरवली. गाडी खोकली. परत फिरवली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा काळा धूर ओकून थरथरली आणि... चालू! धक् धक् धक् करत शेडचे पत्रे वाजवायला लागली. सूनबाईने टाळ्या पिटल्या. मी पदर डोळ्यांना लावला. धूर होता फार. शिवाय हसायचं की रडायचं ते ठरत नव्हतं, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

"बाहेर तुम्ही काढा," मास्तर म्हणाले.

"मी? वेड लागलंय का?"

"शब्द तुमचा, मान तुमचा. मी शेजारी बसतो. तीस वर्षं तिथेच बसतोय, दुसरीकडे बसवलंत तर मीच घाबरेन."

बसले. पहिला गेअर टाकला. गाडी हलली, खरीखुरी हलली, मी फाटकाकडे वळवली तशी समोरची भिंत बाजूला झाली आणि अंगण सरकायला लागलं. वाळत घातलेल्या चादरी बाजूने मागे गेल्या. फाटकापाशी थांबवली. मास्तर उतरले आणि कडी काढायला वाकले.

पाठ पुन्हा सरळ. आज तर गेल्या रविवारच्याहूनही सरळ.

ते परत येऊन बसले. मी गाडी हळूहळू पुढे घेतली. पुढची चाकं फाटकाबाहेर पडली आणि माझ्याने राहवलं नाही.

"मास्तर, एक विचारू?"

"विचारा. पण क्लच सांभाळा."

"हल्ली शर्टाला इस्त्री कोण करतं?"

"मीच की."

"पाठीलासुद्धा?"

"पाठीलासुद्धा. हे बघा," त्यांनी मनगट पुढे केलं. दोन ठिकाणी लालसर चट्टे. "दोनदा भाजलं. पुढचं सोपं असतं, पाठ फार अवघड."

"पाठ कोण बघतं म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो." ते समोर काचेकडे बघत होते. "पण मग लक्षात आलं... मी रविवारभर बॉनेटमध्ये डोकं घालून असतो आणि तुम्ही मागे उभ्या. तुम्हाला माझी पाठच दिसते. म्हटलं, जी बाई बघते तिला निदान..."

पुढचं ऐकू आलं नाही. माझा पाय सुटला. गाडीने एक उडी मारली आणि गचकन बंद पडली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची अंगणात. एकदम सगळं शांत.

म्हणजे बाई-बिई कुणी नव्हती. म्हणजे बाई होती, पण ती... मी? माझ्या डोक्यात सगळे कपडे एकत्र फिरत होते, कुठलं काय ते निवडता येईना.

रस्त्यावर एका टेम्पोने हॉर्न वाजवला. मागून सूनबाई ओरडली, "आई, आत तरी घ्या नाहीतर बाहेर तरी काढा!"

मास्तरांचा हात चावीकडे गेला आणि तिथेच थांबला. "चालू करू? आणखी दोन हात पुढे घेतली की झालं. तुमचा शब्द पुरा."

माझा शब्द. आजवर मी कुणापुढेही शब्द मागे घेतला नव्हता. गिऱ्हाइकापुढे नाही, मुलापुढे नाही, खुद्द ह्यांच्यापुढेही नाही. टेम्पोवाला आता हॉर्नवरून हात काढत नव्हता.

"मास्तर," मी म्हटलं. "पुढे जायचं तुम्ही शिकवलंत. थांबायचंही शिकवलंत. मागे कसं घ्यायचं, ते नाही शिकवलं."

"नाही शिकवलं."

"का?"

"तुम्ही मागे येणाऱ्यातल्या वाटला नाहीत."

"नाहीच मी," मी म्हटलं. मग एक श्वास घेतला. "तरी शिकवा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की टेम्पोवाल्याने खाली उतरून काहीतरी सुनावलं, आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. मग त्यांनी चावी फिरवली. गाडी एका फटक्यात चालू झाली. त्यांनी गेअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला, गेअर खाली दाबला आणि मागे ओढला.

"आता सावकाश," ते म्हणाले. "मागे बघा."

मी मान वळवून मागे बघत गाडी आत घ्यायला लागले. सूनबाई टोपली टाकून पुढे धावली. "आई! परत कुठे आणताय?"

"अंगणात राहील! शेड घे तुला!"

"आणि मास्तर?"

मी मागे बघत होते, त्यामुळे मास्तरांचा चेहरा मला दिसला नाही. पण गेअर केव्हाच पडला होता आणि त्यांचा हात अजून तिथेच होता.