चित्राखालची चौकट

मंगळावरून आलेलं आईचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला रडूच यायला लागलं.

"चैतू, तुमचा विशेषांक मिळाला. मुखपृष्ठावर 'चित्र'. पुढच्या पानावर 'चित्र'. त्याच्या पुढं परत 'चित्र'. शेवटपर्यंत एवढंच आहे गं. तू काय लिहिलं होतंस?"

आता नीट ऐका. माझी आई आमच्या जत भागात बोअर मारायच्या गाडीवर इंजिनिअर होती. पाणी कुठं लागेल हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर जमिनीखालचा बर्फ काढायला तिला मंगळावरच्या तळावर नेलं. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आमच्या वर्गानं तिच्यासाठी खास अंक काढला, 'पानशाळे'वर. पानशाळा हे शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून ऑनलाइन अंक काढायचं साधन आहे (संगणकातला छापखानाच म्हणा). आमच्या कोष्टी सरांना सुंदर अक्षराचं भारी वेड. त्यामुळे सगळ्यांनी वेलबुट्टी काढून हातानं लिहिलं आणि सरांनी पानांचे फोटो अंकात चढवले. अंक इतका देखणा झाला, आणि आई म्हणते आत काहीच नाही.

"बोरू, पानं तू खाल्लीस का?" मी विचारलं. बोरू म्हणजे पानशाळेचं काम बघणारा आमच्या शाळेचा यंत्रमानव. माझ्या खांद्याला लागतो, पण बोलायला कुणाला ऐकत नाही.

"मला तोंड नाही," तो म्हणाला. "मंगळावर धुळीचं वादळ आहे. सौरपट्ट्यांवर (उन्हापासून वीज करणाऱ्या फळ्यांवर) धूळ बसलीय. वीज कमी, म्हणून तळ फक्त शब्द घेतोय, चित्रं नाही. तेही आज शाळा सुटेपर्यंत. नंतर वादळ निवळेपर्यंत सगळं बंद."

तिथलं वादळ महिना महिना चालतं. तेवढे दिवस आईनं 'चित्र, चित्र' वाचत काढायचे?

"पण आम्ही शब्दच तर लिहिलेत," मी म्हणाले.

बोरूनं पडद्यावर 'आई' लिहिलं. "तू कळ दाबून 'आ' लिहितेस, तेव्हा मी त्या अक्षराचा क्रमांक पाठवतो. याला युनिकोड म्हणतात (जगातल्या सगळ्या अक्षरांना ठरवून दिलेले क्रमांक). मंगळावरचा संगणक तो क्रमांक बघतो आणि तिकडं 'आ' काढतो. 'आई' म्हणजे दोन क्रमांक, संपलं. आता फोटोतली 'आई' बघ." त्यानं फोटो मोठा मोठा करत नेला, इतका की अक्षर मोडून चौकोनी ठिपके दिसायला लागले. "हे पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके). एका पानात लाखो असतात आणि प्रत्येकाचा रंग कळवावा लागतो. तुला तिथं 'आई' दिसते. साधनाला नुसते रंग दिसतात."

"मग 'चित्र' हा शब्द आला कुठून?" मागं येऊन ऐकत उभ्या असलेल्या कोष्टी सरांनी विचारलं.

"तुमच्याकडूनच, सर. प्रत्येक चित्राखाली एक चौकट असते. तिच्यात चित्रवर्णन लिहायचं (ज्याला चित्र दिसणार नाही त्याच्यासाठी शब्द). चौकट रिकामी सोडली की पान पुढं सरकत नाही. म्हणून फोटो चढवताना तुम्ही सगळीकडं 'चित्र' टाकून मोकळे झालात."

सर कान खाजवायला लागले. "घाई नडली म्हणायची," ते म्हणाले. "चला, जो तो आपलं पान टाइप करा. आणि चौकटीत काहीतरी खरं लिहा."

माझी कविता लवकर टाइप झाली. राहिलं तिच्याशेजारी मी काढलेलं चित्र. "बोरू, याचं वर्णन तूच लिही ना. तुला चित्रातलं ओळखता येतं की."

बोरूनं लिहिलं, 'एक पुरुष. एक शेगडी. एक गोल वस्तू. बाजूला एक मुलगी.'

"अरे, ते पप्पा आहेत. ती भाकरी आहे."

"मला कसं कळणार? आणि तुझ्या आईला त्यातलं काय बघायचं असेल, हे तर मला मुळीच माहीत नाही. ते तुलाच माहीत."

मी त्याचं सगळं पुसलं. आई शेजारी बसलीय आणि मी तिला सांगतेय, असं समजून लिहायला लागले.

'आई, हा आपला ओटा. पप्पा भाकरी थापताहेत. त्यांच्या कपाळावर पीठ आहे. भाकरीच्या कडा फाटून तिचा नकाशा झालाय. पप्पा म्हणतात, पोटात गेल्यावर आकार कोण बघतं. खिडकीशी तुझी जागा आहे. तिथं मी बसलेय. ती रिकामी बघवत नाही म्हणून.'

शेवटच्या वाक्याशी माझं बोट अडलं. आईला वाईट वाटेल का? पण खरं तेच होतं, म्हणून तसंच ठेवलं. घंटा व्हायच्या जरा आधी बोरूनं अंक पाठवला.

मग नुसती वाट बघणं आलं. चार-पाच दिवसांनी अंकाखाली एक निरोप दिसला. आईचा नव्हता. चंदगडच्या जुबेर मुल्ला नावाच्या मुलाचा होता. 'मला दिसत नाही. माझा संगणक मला अंक वाचून दाखवतो. तुमचे सगळे अंक नुसते चित्र, चित्र करायचे. हा पहिल्यांदाच पुरता ऐकला. जुन्या अंकांचंही करा की.' असा कुणी आपला वाचक आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून आमचा वर्ग जुने अंक एकेक करून उघडतोय आणि चौकटी भरतोय. शेजारच्या गावची शाळासुद्धा तेच करायला लागलीय.

वादळ निवळलं आणि पहिल्याच दिवशी आईचं उत्तर आलं.

"चैतू, दिसलं गं, सगळं दिसलं. भाकरीच्या कडा फाटतात म्हणजे पप्पा पीठ गार पाण्यात मळताहेत. त्यांना म्हणावं, पाणी उकळून घ्या. आणि माझ्या जागेवरून तू उठू नकोस. मी आले की सरकून घेऊ, दोघी मावतो तिथं."